किती गावले, एवढंच विचारणार का?

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या गावात आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद काही संपत नाहीये, म्हणून इकडे लीड्समध्ये बसून लिहितोय. माझी चुलत वहिनी मागच्या वर्षी टीव्हीवरच्या एका क्विझ शोमध्ये हॉटसीटवर बसली, 6,40,000 जिंकली आणि 12,50,000 चा प्रश्न आला तेव्हा "मला माहीत नाही, मी इथे थांबते" म्हणून खेळ सोडला. तेव्हापासून एक पार्टी म्हणते की एवढे पैसे मिळाले तर देवळाच्या जीर्णोद्धाराला बऱ्यापैकी पावती फाडायला हवी होती, दुसरी म्हणते सोडायलाच नको होतं, रवळनाथाचं नाव घेऊन एक ऑप्शन ठोकायचा होता, आणि मुंबईचे चाकरमानी म्हणतात हे शो म्हणजे नुसतं गरिबीचं प्रदर्शन, तिने जायलाच नको होतं. तिन्ही बाजूंना माझीच माणसं आहेत, पण मला यातलं एकही पटत नाही.

आधी पैशाचं बोलून घेऊ, कारण सगळं तिथेच अडतं. टीव्हीवर 6,40,000 दिसतात, हातात तेवढे येत नाहीत. आपल्याकडे अशा बक्षिसावर सरसकट 30 टक्के टॅक्स आहे, तुमचं बाकीचं उत्पन्न कितीही कमी असलं तरी स्लॅबचा फायदा मिळत नाही. म्हणजे 1,92,000 आधीच कापले गेले, वर त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे आणखी 7,680. राहिले 4,40,320. त्यातून सोसायटीचं कर्ज फेडलं, घराचे वासे बदलले, मुलीची कॉलेजची फी भरली. संपले. इकडे ब्रिटनमध्ये गेम शोच्या बक्षिसावर सहसा टॅक्सच लागत नाही, स्क्रीनवर दिसतं तेच बँकेत जातं, त्यामुळे इथल्या माणसाला शेजाऱ्यांपुढे हिशोब मांडत बसावं लागत नाही. वहिनीला मात्र अजून बाजारात कोणी ना कोणी गाठून विचारतंच, "गो, नक्की किती गावले?" आणि खरा आकडा सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं की ही लपवतेय. ते पाहून मला फार वाईट वाटतं.

आता वहिनीबद्दल सांगतो, कारण या सगळ्या वादात तीच कुठे नाहीये. ती काजूच्या फॅक्टरीत हिशोब लिहिते. शोमध्ये तिला विचारलं होतं की एका पौंडात साधारण किती ग्रॅम, तिने एक सेकंद न थांबता, लाइफलाइन न वापरता 454 सांगितलं, लॉक करा म्हणाली. गावात टाळ्या पडल्या, पण तिला हे कसं माहीत होतं ते आजवर एका माणसाने विचारलेलं नाही. मी फोनवर विचारलं तेव्हा ती इतकी खूश झाली की अर्धा तास बोलत होती. काजूगराची प्रतवारी पौंडावर चालते, डब्ल्यू 240 म्हणजे एका पौंडात 220 ते 240 आख्खे गर, डब्ल्यू 320 म्हणजे 300 ते 320, आकडा जितका कमी तितका गर मोठा आणि भाव जास्त. किलोत हिशोब करणाऱ्या फॅक्टरीत हा पौंड आला कुठून म्हणून तिने स्वतः शोधाशोध केली, मग औंस, मग ट्रॉय औंस आणि सोन्याचा भाव, असं करत करत वहीची पानंच्या पानं भरली. जाड पुठ्ठ्याची लांब वही आहे, फॅक्टरीत वापरतात तसली, मागच्या बाजूने उलटी सुरू केलेली. त्यात नद्या आहेत, राज्यघटनेची कलमं आहेत, वेंगुर्ल्यातल्या डच वखारीची माहिती आहे, आणि जे खात्रीचं नाही त्याच्यापुढे पेन्सिलने फुली. बारावीनंतर लग्न झालेली बाई रात्री भांडी घासून झाल्यावर हे लिहीत बसायची. आणि आपण काय चर्चा करतोय तर पावती किती रुपयांची फाडली.

इकडे क्विझ ही आठवड्याच्या भाजीबाजारासारखी नेहमीची गोष्ट आहे. पबमध्ये एका ठरलेल्या रात्री कागद-पेन वाटतात, टीम करून लोक बसतात, ड्रायव्हर, नर्स, रिटायर्ड मास्तर, सगळे. मी जातो तिथे एक आजोबा येतात, ते पूर्वी कधीतरी टीव्हीवर खेळून आलेत, आणि त्यांना लोक विचारतात ते त्यांचा विषय कोणता होता हे. बीबीसीवर 1972 पासून मास्टरमाइंड नावाचा कार्यक्रम आहे, त्यात पैसे मिळतच नाहीत, जिंकणाऱ्याला काचेचं एक भांडं मिळतं, बस. 1980 साली तो फ्रेड हाउसगो नावाच्या लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरने जिंकला आणि पुढे त्याला रेडिओ-टीव्हीवर कामं मिळाली. 2000 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे 'कौन बनेगा करोडपती'त हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकले, त्यानंतर महिन्याभरातच, नोव्हेंबरमध्ये, इकडे त्याच शोच्या मूळ ब्रिटिश कार्यक्रमात जुडिथ केपेल दहा लाख पौंड जिंकल्या. त्या पुढे 2003 पासून एगहेड्स नावाच्या क्विझमध्ये जवळपास वीस वर्षं खेळत राहिल्या, म्हणजे जिंकल्यानंतरही त्यांचं जाणकार असणं चालूच राहिलं, त्याला जागा मिळाली. आपल्याकडे नवाथे म्हटलं की अजूनही पहिल्यांदा तो कोटीच आठवतो.

पण म्हणून इकडचं सगळं भारी असं मी म्हणणार नाही. त्या आजोबांच्या शेजारच्या घरातल्या माणसाला ते टीव्हीवर आले होते हे ठाऊकसुद्धा नाही. वहिनीचा एपिसोड लागणार होता त्या दिवशी गावकऱ्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, तिचं नाव घेऊन, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, सभामंडपात पडदा लावून पोराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी बघितलं. मला कोणी व्हिडिओ पाठवला तो मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून बघितला आणि रडलो. असं प्रेम इकडे पैसे देऊन मिळणार नाही. म्हणूनच जास्त लागतं, की ज्या माणसांनी तिच्यासाठी गाऱ्हाणं घातलं तीच आता पावतीचा विषय काढतात.

याचं पुढे काय होऊ शकतं ते आपण बघितलेलं आहे. बिहारच्या मोतिहारीचे सुशील कुमार 2011 मध्ये पाच कोटी जिंकले आणि 2020 मध्ये त्यांनी स्वतःच फेसबुकवर लिहिलं की जिंकल्यानंतर आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ सुरू झाला, दानाच्या नावाने फसवणारे लोक आले, बायकोशी खटके उडाले, व्यसन लागलं. पुढे ते सावरले, झाडं लावायला लागले, शिक्षक झाले. वहिनीची रक्कम त्यापुढे काहीच नाही, पण दारात येणारी माणसं तशीच, देणगीवाले, उसने मागणारे, स्कीम घेऊन येणारे. तिने दोन महिने फोन उचलायचं सोडलं होतं.

चाकरमान्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. घरी शूटिंगला आले तेव्हा काजूचा हिशोब आणि वही बाजूला ठेवायला सांगून गळकं छप्पर आणि चूल यांवरच कॅमेरा धरला, वहिनीला ते आवडलं नव्हतं, मलाही नाही. पण गरिबी दाखवतात म्हणून जाऊच नये हे कसलं सांगणं? 2019 ला अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या, शाळेत खिचडी शिजवून महिना 1500 रुपये मिळायचे त्यांना. त्या गेल्या नसत्या तर त्यांना काय येतं ते कोणाला कळलं असतं?

आणि 12,50,000 चा प्रश्न सोडला त्याबद्दल तर मी भांडायला तयार आहे. चुकली असती तर 3,20,000 वर आली असती, म्हणजे निम्मे गेले असते, हा एक हिशोब झालाच. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही की सगळा महाराष्ट्र बघत असताना एक बाई सरळ म्हणाली, माहीत नाही. वहीत पेन्सिलने फुली मारणारी बाई दुसरं काय करणार होती? आपल्याकडे चार जणांत कोणालाही काहीही विचारा, उत्तर येतंच, खरं असो नसो. तिला भित्री म्हणणाऱ्यांनी पुन्हा एकदा तो एपिसोड बघावा.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या कोकणाला वाचनालयांची केवढी परंपरा, रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 2005 आणि 2021 च्या पुरात बुडूनही पुन्हा उभं राहिलं. मे महिन्यात सगळे चाकरमानी गावात असतात, क्रिकेटच्या टुर्नामेंट होतात, तेव्हा एक संध्याकाळ त्याच सभामंडपात क्विझ ठेवा, पोरांच्या टीम, मोठ्यांच्या टीम, आणि प्रश्न वहिनी काढेल. मी तिला विचारलंय, ती म्हणाली, "भावजी, शंभर प्रश्न आत्ताच तयार आसत." बक्षिसाची पुस्तकं माझ्याकडून, पैसे नाहीत. कमिटीच्या मीटिंगमध्ये जीर्णोद्धाराच्या विषयानंतर हा विषय घ्या, आणि त्या दिवशी वहिनीला पहिल्या रांगेत बसवून हार घालण्याच्या भानगडीत पडू नका, तिच्या हातात माइक द्या.