लिव्ह गोल्फ अडचणीत आली म्हणून तिकडे गेलेले खेळाडू चुकले, असे ठरत नाही

कोल्हापुरात खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवरून एक मजकूर फिरतो आहे. सौदी अरेबियाच्या पैशावर उभी राहिलेली लिव्ह गोल्फ ही व्यावसायिक लीग बुडाली आहे, पैशाच्या लोभाने तिकडे गेलेले खेळाडू आता ना घरचे ना घाटाचे झाले आहेत, जुन्या पीजीए टूरशी, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेशी, एकनिष्ठ राहिलेले मात्र सुरक्षित आहेत आणि म्हणून आपल्या मुलांनी लीगच्या नादी न लागता सरळ नोकरी धरावी, असा त्याचा आशय आहे. दुधाळीच्या शूटिंग रेंजपासून तालमींच्या कट्ट्यापर्यंत तो माना डोलावत वाचला जातो, आणि ज्या घरात सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या वाटचालीचा निर्णय व्हायचा आहे, तिथे तो पुरावा म्हणून पुढे केला जातो. गोल्फ हा आपल्या गल्लीबोळांतला खेळ नसल्यामुळे त्यातली माहिती तपासण्याच्या फंदात कोणी पडत नाही. ती तपासली पाहिजे, कारण एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने त्यात बाकीचे बरेच काही चुकीचे रचले गेले आहे.

खरी गोष्ट आहे ती तोट्याची. लिव्ह गोल्फची पहिली स्पर्धा जून २०२२ मध्ये लंडनजवळच्या सेंच्युरियन क्लबवर झाली. संघांत विभागलेले ४८ खेळाडू, चारऐवजी तीन फेऱ्या, दोन फेऱ्यांनंतर कोणालाही बाहेर न काढण्याचा नियम आणि एकूण २.५ कोटी डॉलरची बक्षिसे असा तो थाट होता. विजेत्याला ४० लाख डॉलर मिळत होते, आणि अगदी शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्यालाही १.२ लाख डॉलर. हा सगळा पैसा सौदीच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीचा. अमेरिकेबाहेरचा व्यवहार पाहणाऱ्या लीगच्या ब्रिटिश कंपनीच्या हिशेबांत २०२२ साली सुमारे २४ कोटी, २०२३ साली ३९ कोटी आणि २०२४ साली ४६ कोटी डॉलरचा तोटा नोंदला गेला. तोटा घटण्याऐवजी वाढत गेला, ही बाब गंभीर आहे आणि ती कोणी झाकू नये.

परंतु तोटा होणे आणि बुडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मजकुराने त्या सरसकट एक केल्या आहेत. ही लीग तिकिटांच्या आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर उभी राहिलेलीच नव्हती, ती पहिल्या दिवसापासून मालकाच्या इच्छेवर उभी होती. कोल्हापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले, तेव्हा त्या खर्चाची भरपाई मैदानाच्या उत्पन्नात शोधायला कोणी बसले नव्हते. राजाश्रयावर चालणारी गोष्ट केवळ तोट्यामुळे थांबत नाही, आश्रय देणाऱ्याचे प्राधान्य बदलले की थांबते. म्हणून लिव्हच्या खेळाडूपुढचा खरा धोका ताळेबंदातल्या आकड्यांत दिसत नाही. सगळा भार एकाच दात्यावर आहे आणि त्याचा निर्णय कधी व कोणत्या कारणाने फिरेल हे खेळाडूच्या हातात नाही, हा तो धोका आहे. त्यातही जे पैसे सही करताना हातात पडले आणि जी बक्षिसे जिंकून झाली, ती परत जात नाहीत. टांगणीला लागतात ती कराराची उरलेली वर्षे आणि काही कर्णधारांना संघाच्या मालकीत मिळालेला हिस्सा. लीगवर संकट आले म्हणजे खेळाडू रस्त्यावर आला, असे म्हणण्यापूर्वी कोणत्या खेळाडूचे नेमके काय अडकले आहे हे पाहावे लागते, आणि तेवढी तसदी मजकूर लिहिणाऱ्याने घेतलेली नाही.

आता लोभाचा मुद्दा. मला सर्वात जास्त खटकतो तो हाच, कारण यात खेळाडूंच्या निर्णयाचा विचारच झालेला नाही, त्यावर नुसता शिक्का मारला आहे. फिल मिकेल्सन आणि डस्टिन जॉन्सन यांच्यासारख्या, आधीच अमाप कमावलेल्या खेळाडूंविषयी हा शब्द कोणी वापरला तर मी वाद घालणार नाही. पण तिकडे गेलेले सगळे त्या पंक्तीतले नव्हते. हॅरल्ड व्हार्नर या अमेरिकी खेळाडूला पीजीए टूरवर एकही विजेतेपद मिळालेले नव्हते. २०२२ मध्ये लिव्हमध्ये जाताना त्याने आडपडदा न ठेवता जाहीर केले की कुटुंबासाठी ही आर्थिक संधी सोडण्यासारखी नाही. तो साध्या घरातून वर आलेला होता. लिव्हमध्ये गेलेल्या ब्रुक्स केप्का या दुसऱ्या अमेरिकी खेळाडूची गोष्ट निराळी आहे. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे आपले शरीर पूर्वीसारखे साथ देईल की नाही अशी धास्ती त्याला होती, आणि प्रकृती ठणठणीत असती तर हा निर्णय अधिक अवघड गेला असता, हे त्याने पुढे मान्य केले. दुखापतीने धास्तावलेल्या माणसाने खात्रीचा पैसा निवडला तर त्याला लोभी म्हणायचे का? खांदा निखळल्यावर सहा महिने अंथरुणाला खिळलेला मल्ल ज्या गावाने पाहिला आहे, त्या गावाने तरी हा शब्द जपून वापरावा.

वयाचा हिशेबही यात येतो. स्वीडनचा हेन्रिक स्टेन्सन २०२३ च्या रायडर कपसाठी, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका या सांघिक लढतीसाठी, युरोपचा कर्णधार नेमला गेला होता. जुलै २०२२ मध्ये लिव्हशी करार करताच ते कर्णधारपद काढून घेण्यात आले, आणि त्याच महिन्यात बेडमिन्स्टर इथे लिव्हमधली आपली पहिलीच स्पर्धा खेळून त्याने ती जिंकली. त्या वेळी तो ४६ वर्षांचा होता. कर्णधारपदाचा मान आयुष्यात बहुधा एकदाच मिळतो आणि त्या वयात मोठी कमाईही फार काळ उरलेली नसते, तेव्हा या दोहोंपैकी एकाची निवड त्याने डोळसपणे केली व तिची किंमत मोजली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये हंगामाअखेर तो ४९ व्या क्रमांकावर राहिला आणि लीगच्या नियमानुसार त्याची जागा गेली. म्हणजे लिव्हमध्ये बसून खायला मिळते, हाही समज खरा नाही. त्याची निवड कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. ती अविचाराची मात्र नव्हती.

आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी याच रांगेत बसतो. मार्च २०२२ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो दुसरा आला आणि सुमारे २२ लाख डॉलर त्याच्या नावावर जमा झाले. ती त्याच्या कारकिर्दीतली पीजीए टूरवरची सर्वात मोठी कमाई होती, आणि तिथे कित्येक वर्षे खेळूनही विजेतेपद त्याच्या वाट्याला आलेले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टअखेर तो लिव्हमध्ये गेला आणि काही दिवसांतच बोस्टनच्या स्पर्धेत प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा खेळापर्यंत, पोहोचून दुसरा आला. २०२३ साली त्याचा क्रशर्स संघ सांघिक अजिंक्यपदाचा मानकरी ठरला. या माणसाने आपले करिअर मातीत घातले, असे कोणत्या निकषावर म्हणायचे?

जुन्या टूरवर राहिलेले सुरक्षित, या विधानात व्यावसायिक गोल्फ कसा चालतो याविषयीचे अज्ञान दिसते. पीजीए टूरचा खेळाडू पगारी नोकर नसतो. तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. दर आठवड्याचा प्रवास, हॉटेल आणि कॅडीचे, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचे, मानधन हा खर्च त्याच्या खिशातून जातो, आणि दोन फेऱ्यांनंतर साधारण पहिल्या ६५ जणांत नाव नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी तो रिकाम्या हाताने सामान बांधतो. टूरवर कायम राहण्यासाठी पूर्वी वर्षाअखेर पहिल्या १२५ खेळाडूंत असावे लागे, २०२५ च्या हंगामापासून ती मर्यादा १०० वर आली आहे. एकनिष्ठ राहूनही १०१ व्या क्रमांकावर घसरलेल्या खेळाडूला एकनिष्ठेबद्दल वेगळे काही मिळत नाही. शिवाय टूरवर आज जी सुरक्षितता दिसते, तिचा मोठा भाग लिव्हच्या धसक्यानेच आला. पात्र सदस्यांना वर्षाला किमान ५ लाख डॉलरच्या कमाईची हमी २०२३ पासून मिळू लागली, निवडक स्पर्धांची बक्षिसे २ कोटी डॉलरवर गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून १.५ अब्ज डॉलर घेऊन खेळाडूंना टूरच्या व्यवसायात हिस्सा देण्यात आला. जे गेले त्यांच्यामुळे राहिलेल्यांचे भले झाले, हे कोणाला रुचो न रुचो, घडले तसेच आहे.

ना घरचे ना घाटाचे हे वर्णन काही अंशी लागू पडते आणि तेवढे मान्य करायला हवे. युजेनिओ चकारा हा स्पॅनिश तरुण जगातल्या अव्वल हौशी खेळाडूंपैकी एक होता. २०२२ मध्ये शिक्षण संपण्याआधीच त्याने लिव्हशी करार केला आणि ऑक्टोबरमध्ये बँकॉकची स्पर्धा जिंकून ४० लाख डॉलर मिळवले. पण लिव्हच्या स्पर्धांना जागतिक क्रमवारीचे गुण मिळत नव्हते आणि २०२३ साली लीगचा त्यासाठीचा अर्जही फेटाळला गेला. परिणामी क्रमवारी पाहून प्रवेश देणाऱ्या गोल्फमधल्या मोठ्या चार स्पर्धांची दारे त्याला उघडली नाहीत, २०२४ नंतर करार वाढला नाही, आणि गुण मिळण्याचे आश्वासन पाळले गेले नाही ही खंत त्याने नंतर उघडपणे बोलून दाखवली. तोंडी आश्वासनावर विसंबलेल्या तरुणाचे नुकसान कसे होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. आपल्या पालकांनी लक्षात ठेवण्याजोगा धोका असेल तर तो हा आहे. त्यानंतर काय झाले हे मात्र मजकूर सांगत नाही. मार्च २०२५ मध्ये गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर हाच चकारा आमंत्रितांच्या यादीतून आला, इंडियन ओपन जिंकला आणि युरोपीय टूरवर त्याला पुन्हा हक्काची जागा मिळाली.

केप्काही जानेवारी २०२६ मध्ये पीजीए टूरवर परतला. त्यासाठी त्याला ५० लाख डॉलर धर्मादाय द्यावे लागले आणि पाच वर्षे खेळाडूंच्या हिश्श्यावर पाणी सोडावे लागले. हीच वाट लिव्हमधल्या जॉन राहम, ब्रायसन डिशॅम्बो आणि कॅमेरॉन स्मिथ यांनाही खुली केली होती, त्यांनी ती घेतली नाही. म्हणजे दार बंद नव्हते, त्याला मोल लागत होते, आणि ते मोल परवडणारे मोजकेच होते. क्रमवारीत खाली असलेल्या खेळाडूला अशी सवलत कोणीच देऊ केली नाही. मजकुराने सहानुभूती दाखवायची तर ती या खेळाडूविषयी दाखवायला हवी होती.

उरला नोकरीचा उपदेश. तो देणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला प्रो कबड्डीत २०१८ च्या हंगामासाठी ३६ लाख ४० हजार रुपये मिळाले आणि २०१९ च्या लिलावात त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. पुढच्या वर्षी कोरोनामुळे लीग झालीच नाही, आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा खांद्याच्या दुखापतीने त्याला हंगामातून बाहेर बसवले. लीगच्या पैशाची अनिश्चितता याहून जवळून दिसत नाही. तरीही २०१९ ची ती बोली त्याने नाकारायला हवी होती असे चंदगडात तरी कोणी म्हणणार नाही. दुसरीकडे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले तेव्हाही तो रेल्वेचाच कर्मचारी होता. नेमबाजीत कोट्यवधींची बोली लावणारी लीग त्याच्यासमोर नव्हती. होते ते वर्षानुवर्षांचे सराव, काडतुसांचा खर्च आणि पदकाची कसलीही हमी नसलेली वाट, आणि त्या वाटेवर दरमहा येणारा पगार त्याला उपयोगी पडला. कबड्डीपटूचे उमेदीचे हंगाम बोटांवर मोजण्याइतके असतात, नेमबाजाला त्याहून कितीतरी अधिक काळ मिळतो. या दोन मुलांना एकच सल्ला देणारा मजकूर त्या दोघांपैकी एकाचे तरी नुकसान करून गेला असता.