‘जर्मन डीझेलला काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेअकराला गडहिंग्लजहून मेहुण्याचा मेसेज आला. "दाजी, हे वाचा. दिल्लीला जाऊन येऊ का?" खाली तोच लांबलचक फॉरवर्ड, जो हल्ली प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : दिल्लीत दहा वर्षं झालेल्या डीझेल गाड्या बंद, त्यामुळे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी स्विफ्टच्या किमतीत मिळतात. जर्मन डीझेल इंजिन पाच लाख किलोमीटर हूं की चूं न करता चालतं, फक्त ऑइल बदला. त्यात व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा बेल्ट नसतो, चेन असते, म्हणून बदलायची भानगडच नाही. गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’. आणि धुराचा त्रास झालाच तर डीपीएफ आणि ईजीआर हे धूर कमी करणारे भाग काढून टाका, गाडी आणखी पळते.

मेहुण्याने दोन हंगामांच्या उसाच्या बिलातून आठ लाख बाजूला ठेवलेत. मी कोल्हापुरात उद्यमनगरात अठरा वर्षं डीझेल गाड्यांचं काम करतोय. असल्या मेसेजवर विश्वास ठेवून आणलेल्या गाड्या शेवटी माझ्याच रॅम्पवर चढतात. म्हणून हे लिहितोय, आणि रागानेच लिहितोय.

आधी खरं आहे ते मान्य करतो. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डीझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. पुढे त्यात बदल होत राहिले, पण भाव पडले ते पडलेच. पन्नास लाखांची गाडी आठ लाखांना मिळू शकते, हेही खरं. पण मेसेज लिहिणाऱ्याने एक गोष्ट गिळली : भाव गाडीचा पडतो, पार्टचा पडत नाही. डीझेल फवारणारा इंजेक्टर, टर्बो, एअर सस्पेन्शनचा पंप, सगळं पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने येतं. स्विफ्टच्या किमतीत गाडी घेतली म्हणून तिचा खर्च स्विफ्टचा होत नाही.

आता चेन. "चेन आहे म्हणजे बघायला नको" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने इंजिन उघडून बघितलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. बीएमडब्ल्यूचं एन४७ हे दोन लिटरचं डीझेल इंजिन २००७ पासून ३२०डी, ५२०डी या गाड्यांत आलं. त्याची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या टोकाला आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला. आधीच्या वर्षांतल्या इंजिनांत ती चेन आणि तिला जागेवर धरणारे प्लॅस्टिकचे गाइड झिजल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. चेन पुढे असती तर काम वेगळं होतं. मागे असल्यामुळे ती बदलायला गिअरबॉक्स तरी सोडवावा लागतो, नाहीतर इंजिनच खाली घ्यावं लागतं. मजुरीचा आकडा तिथेच फुगतो. आणि तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, मग हेडपासून सगळं काम निघतं.

गेल्या दिवाळीच्या आधी सांगलीची एक गाडी आली. कंपनी सांगत नाही, मेसेजमधल्यांपैकीच आहे. मालक म्हणाले, "सकाळी थोडा आवाज येतो, नंतर जातो." दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू केलं. पहिले दोन-तीन सेकंद मागून, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या बाजूने, डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. सम्प, म्हणजे इंजिनखालचा ऑइलचा डबा, उतरवला तर ऑइलच्या जाळीत नखाएवढे काळपट प्लॅस्टिकचे तुकडे अडकलेले. चेनच्या गाइडचे तुकडे ते. मीटरवर एक लाख दहा हजार किलोमीटर होते. पाच लाख कुठे राहिले? जुन्या मालकाने ऑइल मात्र वेळेवर बदललं होतं, पुस्तकात शिक्के होते. फरक एवढाच की कंपनीने दिलेल्या सर्वांत लांब मुदतीने बदललं होतं. आपल्या धुळीत आणि ट्रॅफिकमध्ये मी आठ-दहा हजारांवर कुणाला जाऊ देत नाही.

‘लाइफटाइम’ गिअर ऑइलचं तर मला बोलायचाही कंटाळा आलाय. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत आठ गिअरचा जो गिअरबॉक्स असतो तो झेडएफ नावाची जर्मन कंपनी बनवते. ती झेडएफ स्वतः सांगते की ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांत बदला. ज्याने गिअरबॉक्स बनवला तो हे सांगतोय. दहा वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या बाबतीत ही मुदत गाडी घेण्याआधीच उलटलेली असते. मग गिअर पडताना झटका बसायला लागतो आणि माणूस विचारतो, "सेन्सर खराब असेल का?"

पाच लाखांच्या बाबतीत अर्धं सत्य आहे, तेही सांगतो. जुन्या मर्सिडीज डीझेल खरंच चालायच्या. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची २४०डी सेहेचाळीस लाख किलोमीटर चालली, आज ती मर्सिडीजच्या म्युझियममध्ये आहे. पण तिची इंजिनं वेळोवेळी बदलली होती, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. शिवाय त्या गाडीला ना कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना जबर दाबाने डीझेल पुरवणारी नळी), ना डीपीएफ, ना कॉम्प्युटर. आजच्या इंजेक्टरमध्ये दोन हजार बारच्या आसपासचा दाब असतो. डीझेलमध्ये जरा पाणी आलं की तो गेला. आजोबांच्या तब्येतीवरून नातवाचा विमा काढता येत नाही.

सगळ्यात जास्त राग शेवटच्या मुद्द्याचा आहे. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. हायवेला गाडी पळाली की ती तापते आणि काजळी जाळून टाकते. रोज चार किलोमीटर बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीत ती जळण्याची क्रिया अर्धवट तुटते, आणि जाळी तापवायला जादा फवारलेलं डीझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. गेल्या महिन्यात एका गाडीचं ऑइल बोटावर घेतलं तर पातळ, आणि वास थेट पंपावरच्यासारखा. यावर उपाय गाडी नीट पळवणं, योग्य ग्रेडचं ऑइल वापरणं, फारच भरली तर जाळी साफ करून घेणं. कापून टाकणं हा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डीझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलाय. जाळी कापलेली गाडी सिग्नलला उभी राहते तेव्हा तिच्या मागे शाळेच्या रिक्षात पोरं बसलेली असतात. हे काम माझ्याकडे मागणाऱ्या प्रत्येकाला मी परत पाठवलंय, पुढेही पाठवीन. कंपनीच्या रचनेत असा बदल करणं कायद्यातही बसत नाही.

ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था, त्रास देतो, हे कबूल. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या डीझेल गाड्यांना रस्त्यात आगी लागल्या, ईजीआरचा कूलर गळत होता म्हणून. लाखाहून जास्त गाड्या तिथे परत बोलवाव्या लागल्या. त्यातून शिकायचं ते हे की कूलर तपासा आणि चॅसी नंबर देऊन शोरूमला विचारा, रिकॉलचं काम झालंय का. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

एअर सस्पेन्शन, मीटर मागे फिरवणं, एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स यावर लिहीत बसत नाही. प्रत्येकाला खर्च आहे, एवढं धरून चाला.

मेहुण्याला मी नको म्हटलेलं नाही. त्याची हौस आहे, आणि नीट ठेवलेली गाडी मिळाली तर चालवायला तिच्यासारखं सुख नाही, हे मलाही माहीत आहे. त्याला सांगितलं, आठातले पाचच गाडीला, तीन पहिल्या वर्षाच्या कामाला. पाचात नाही बसली तर सोडून दे. निजामुद्दीनचं तिकीट दोघांचं काढ, स्कॅनर मी बरोबर घेतो. आणि त्या मालकाला आदल्या रात्रीच फोन करून ठेव, सकाळी आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावायची नाही. पहिला स्टार्ट मला स्वतः ऐकायचाय.