सर्व्हिसिंगनंतरचा बिघाड म्हणजे योगायोग? फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. घोडबंदरपासून खारघरपर्यंतच्या ओळखीच्या लोकांनी तो मला पाठवलाय. कोणी ‘खरंय का हो हे?’ असं विचारलं, तर कोणी ‘बघा, उगाच गॅरेजवाल्यांच्या नावाने ओरडता’ असं सुनावलं. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा:

‘नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये फक्त ऑइल-फिल्टर बदलतात, त्याने गाडी धोकादायक होऊच शकत नाही. नंतर चाक ढिलं झालं तर दोष खड्ड्यांचा आणि ब्रेक लागला नाही तर दोष ड्रायव्हरचा. अमेरिकन सरकारचा अभ्यास सांगतो की ९४ टक्के अपघात ड्रायव्हरच्या चुकीने होतात, गाडीमुळे फक्त २ टक्के. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी द्या आणि निर्धास्त राहा. सही करून गाडी बाहेर काढली की पुढची जबाबदारी तुमची.’

वागळे इस्टेटमध्ये मी बरीच वर्षं वर्कशॉपच्या फ्लोअरवर काढली, आता विम्याच्या दाव्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासतो. मला हा मेसेज धोक्याचा वाटतो. तो वाचलेला माणूस सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीतल्या नव्या आवाजाकडे, नव्या वासाकडे काणाडोळा करेल, आणि नेमकं त्याच वेळी लक्ष द्यायला हवं असतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ऑइल बदलण्यात कसला आलाय धोका?’

ऑइल काढायला चेंबरच्या तळाचा ड्रेन बोल्ट उघडतात. त्या बोल्टाखाली नरम धातूचा वायसर असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो दर वेळी नवा टाकायचा असतो. जुनाच परत लावला की तेल झिरपतं. ते थांबवायला कोणीतरी पान्यावर जास्तीचा जोर लावतो, आणि चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात. आटे गेलेला बोल्ट रॅम्पवर अगदी नीट बसलेला दिसतो. पुढे इंजिन तापतं, थरथरतं आणि तो हळूहळू सुटत जातो.

फिल्टरची गोष्ट याहून वाईट. जुना फिल्टर काढताना त्याचं रबरी पॅकिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहतं. बोट फिरवून न बघता त्यावर नवा फिल्टर आवळला की दोन पॅकिंग एकावर एक बसतात. वर्कशॉपमध्ये इंजिन मिनिटभर चालवून बघितलं तरी खाली टिपूस पडत नाही. रस्त्यावर इंजिनाचे फेरे वाढले, तेलाचा दाब चढला, की पॅकिंग बाहेर सरकतं आणि सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर. डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. तो बघून गाडी लगेच बंद केली नाही तर इंजिन जाम होतं. अटल सेतूवर मधल्या लेनमध्ये हे झालं तर काय, याचा विचार करा. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते आणि स्टिअरिंग जड होतं, मागून मात्र गाड्या १०० च्या वेगाने येत असतात.

मोटरसायकलवाल्यांना तर हे जास्तच लागू आहे. बाइकचा ड्रेन बोल्ट मागच्या चाकाच्या पुढे असतो. तिथून गळलेलं तेल थेट मागच्या टायरवर जातं, आणि गायमुखच्या उतारावर, वळणात, तेलकट टायरवरची बाइक सावरता येत नाही. ऑइल भरायचं झाकण लावायचं राहिलं, पुसायचा कपडा इंजिनावरच विसरला, हेही घडतं. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल उडालं की आधी धूर येतो, मग आग लागू शकते.

‘चाक ढिलं होतं ते खड्ड्यांमुळे’

खड्ड्यांनी रिम वाकते, टायरला फुगा येतो, लिंक रॉड वाजायला लागतात. आपल्याकडच्या रस्त्यांबद्दल मला वेगळं काही सांगायचं नाही. पण नीट आवळलेले नट खड्ड्यात जाऊन सुटत नाहीत. नट आवळताना स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो चाकामागच्या हबचा दांडा, किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम हबवर दाबून धरलेली असते. त्यासाठी नट किती जोराने आवळायचा हे कंपनीने ठरवलेलं असतं. बहुतेक छोट्या गाड्यांत हा जोर ८५ ते १२५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान येतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. तो मोजायला टॉर्क रेंच लागते. घाईत मात्र सगळं काम नट फिरवायच्या गनवर उरकतात. त्यात कमी आवळलं तर नट सुटतात, अती आवळलं तर स्टड ताणून कमजोर होतो आणि नंतर कधीतरी तुटतो. खड्डेच नट सोडवत असते तर पावसाळ्यात घोडबंदर रोडवर दर सिग्नलला चाकं पडलेली दिसली असती.

ऐरोलीत आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका शिक्षिकेची गोष्ट. सर्व्हिसिंगमध्ये टायर रोटेशन, म्हणजे चाकांच्या जागांची अदलाबदल, झालं. गाडी घेऊन ठाणे-बेलापूर रोडला लागल्या आणि कमी वेगात पुढून टक टक असा आवाज यायला लागला. वेग वाढवला की आवाज लपायचा आणि स्टिअरिंग थरथरायचं. त्यांनी वर्कशॉपच्या सर्व्हिस ॲडव्हायझरला फोन केला. उत्तर आलं, ‘मॅडम, रस्ते बघा ना कसे आहेत, चार दिवसांत सेट होईल.’ त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मला फोन केला, ‘काका, मी पुढे नेत नाही, तुम्ही या.’

डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाची टोपी काढली. चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते, तिसरा पाना लावताच अर्धा वेढा गेला. रिमच्या भोकांच्या कडा घासून चकाकत होत्या आणि नटांच्या बुडाशी काळपट धातूची भुकटी जमली होती. एवढ्यावर चाक टिकून होतं. वर्कशॉपने नंतर कबूल केलं ते असं: हेल्परने नट हाताने लावले, गाडी रॅम्पवरून खाली आली आणि शेवटचं आवळायच्या आधी त्याला दुसऱ्या गाडीवर बोलावलं गेलं. टोपी मात्र कोणीतरी बसवली. त्या मुलाला मी फारसा दोष देत नाही. एकाच वेळी दोन-तीन गाड्या अंगावर आणि संध्याकाळच्या डिलिव्हऱ्या रांगेत, अशा ठिकाणी हे होणारच. दोष आहे तो त्याला अर्ध्या कामातून दुसरीकडे बोलावणाऱ्याचा आणि न तपासता ‘ओके’ची टिक मारणाऱ्याचा.

चाक काढून परत लावलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्यावेत. टायरच्या दुकानात पाच मिनिटांचं काम आहे.

‘ब्रेक लागला नाही तर दोष ड्रायव्हरचा’

बोरघाट उतरताना वरच्या गिअरमध्ये राहून सतत ब्रेक दाबणारे ड्रायव्हर आहेत, आणि तिथे ब्रेक तापतात तो दोष त्यांचाच. मेसेजातलं एवढं खरं. पण ब्रेकचं काम करून आलेल्या गाडीत ड्रायव्हरचा काही संबंध नसलेल्या गोष्टी कशा बिघडतात ते बघा.

नवे पॅड जाड असतात. ते बसवायला कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन मागे ढकलावा लागतो. मग गाडी हलवण्याआधी पेडल अनेकदा दाबून पिस्टन पुन्हा पॅडला टेकवायचा असतो. हे राहिलं तर पहिला ब्रेक थेट तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला ब्रेक लागतो, आणि म्हणूनच नंतर तपासणी करणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. ड्रायव्हर ‘ब्रेक लागलाच नाही’ म्हणत राहतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल टाकलं तर ते अजून घातक. ब्रेकमधली रबरी सीलं नेहमीच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेली असतात, खनिज तेलात ती फुगतात. परिणाम त्याच दिवशी दिसेलच असं नाही. आधी ब्रेक धरून राहतात, पेडल विचित्र लागतं, पुढे दाबच धरत नाही. थोडंसं चुकीचं तेल गेलं तरी सीलं बदलून पूर्ण लाइन धुवावी लागते. टाकी पुसून भागत नाही.

तिसरी गोष्ट न केलेल्या कामाची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपली खाडीकाठची दमट हवा त्याला पुरेपूर पाणी पुरवते. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ पडतं. बहुतेक कंपन्या हे ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. बिलावर मात्र ‘तपासले’ किंवा ‘टॉप-अप’ असं लिहून मोकळे होतात. वरून थोडं ताजं टाकल्याने खालचं पाणी जात नाही.

९४ टक्क्यांचा आकडा

आकडा खरा आहे, वापर खोटा. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००५ ते २००७ मधल्या ५,४७० अपघातांची तपासणी केली, त्याचा सारांश २०१५ मध्ये छापला. ‘निर्णायक कारण’ ९४ टक्क्यांत ड्रायव्हरकडे आणि सुमारे २ टक्क्यांत गाडीकडे नोंदवलं गेलं. पण निर्णायक कारण म्हणजे अपघाताआधीच्या साखळीतली शेवटची घटना, त्यावरून दोष कोणाचा हे ठरवू नये, असं तोच अहवाल सांगतो. शिवाय गाडीतले दोष मुख्यतः बाहेरून डोळ्यांनी बघून नोंदवले होते. दबलेलं पॅकिंग किंवा फुगलेलं सील बाहेरून कोणाला दिसणार? अशा पाहणीतही गाडीच्या दोषांत सगळ्यात वर टायर आणि खालोखाल ब्रेक आले. सर्व्हिसिंगमध्ये हात लागतो तो याच दोन गोष्टींना.

‘कंपनीच्या सेंटरला द्या, निर्धास्त राहा’

पाटी बघून निर्धास्त होता येत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका कुटुंबातल्या चार जणांचा बळी गेला. त्यांची स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला होती आणि अधिकृत डीलरने बदली म्हणून दिलेली लेक्सस ते चालवत होते. तिच्यात दुसऱ्या मॉडेलचं मोठं रबरी मॅट टाकलेलं होतं. ॲक्सिलरेटर त्यात अडकला आणि गाडी थांबेना. तीच गाडी आधी नेलेल्या एका ग्राहकाने मॅट अडकल्याचं परत देताना सांगितलंही होतं. त्यानंतर टोयोटाने मॅट आणि पेडलपायी लाखो गाड्या परत बोलावल्या. सर्व्हिसिंगनंतर आपल्या गाडीतही मॅटवर कागद किंवा प्लॅस्टिक अंथरून देतात. ते गेटच्या आतच काढून टाका आणि खालचं मॅट खुंट्यांत अडकवलंय ना ते बघा.

विमानांच्या देखभालीत तर काटेकोरपणाची हद्द असते, तरी १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. तो वाचला. काच त्याआधीच्या एका रात्रपाळीत बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट किंचित बारीक व्यासाचे निघाले. ज्याने बसवले त्यानेच कामाला मंजुरी दिली होती, दुसऱ्या कोणी बघितलं नव्हतं. म्हणून सेंटर कंपनीचं असो की नाक्यावरचं, ॲडव्हायझरला हे विचारा: चाकांचे नट, ब्रेक आणि ड्रेन बोल्ट काम करणाऱ्याखेरीज आणखी कोणी तपासले, आणि जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, त्याची सही कुठे आहे? तुर्भ्यातला एक छोटा गॅरेजवाला आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारतो. अशा माणसाकडे मी डोळे झाकून गाडी देईन.

‘सही केली की जबाबदारी तुमची’

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये सदोष गाडी चालवल्याची जबाबदारी आहे, पण ती माहीत असलेल्या किंवा साधी काळजी घेतल्यावर कळू शकला असता अशा दोषाची. टोपीआडचा ढिला नट त्यात बसवणं अवघड आहे. आवाज ऐकूनही गाडी पळवत राहिलात तर मात्र तुमची बाजू कमजोर होते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवा देणाऱ्याच्या निष्काळजीपणाने ग्राहकाचं नुकसान झालं तर ती सेवेतली त्रुटी आहे. गेटपासवरच्या सहीने ती पुसली जात नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही ती करता येते. सर्व्हिसिंग पुण्यात झालं असलं तरी ठाणेकर ठाण्यात दाद मागू शकतो. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा.

दावे बुडतात ते पुराव्याअभावी. लोक घाबरून गाडी तडक त्याच वर्कशॉपला परत नेतात, तिथे दोष गुपचूप दुरुस्त होतो आणि हातात काही उरत नाही. आधी गाडी सुरक्षित जागी उभी करा. आवाजाचा व्हिडिओ, गळतीचा, नटांचा फोटो घ्या. गाडी टो करून न्या आणि उघडताना समोर उभे राहा. काढलेला भाग मागून घ्या, तो तुमचा आहे. डॅशबोर्डवरच्या किलोमीटरचा फोटो सगळ्यात आधी काढा: गाडी आत घेतानाचा आकडा जॉबकार्डवर असतो, आणि काम झाल्यावर गाडी किती चालली हे त्या दोन आकड्यांवरून थेट दिसतं.