लांब शृंगिकांच्या काळ्या मधमाशीबाबत खुलासा

अमेरिकेतील बागेत टिपलेले, लांब शृंगिकांच्या (डोक्यावरील मिशांसारख्या स्पर्शेंद्रियांच्या) काळ्या मधमाश्या संध्याकाळी काडीला बिलगून बसल्याचे एक छायाचित्र ‘बाहेरून आलेली, घातक डंखाची माशी’ अशा मजकुरासह फिरत आहे. हा मजकूर चुकीचा आहे.

ही मेलिसोडेस बायमॅक्युलेटस, म्हणजे पूर्व उत्तर अमेरिकेतील मूळची एकांडी (पोळे करून समूहाने न राहणारी) मधमाशी असून १८२५ सालीच तिचे शास्त्रीय वर्णन झाले आहे. बाहेरून आली ती पोळ्यातली युरोपीय मधमाशी, सतराव्या शतकात वसाहतकऱ्यांसोबत. शिवाय इतक्या लांब शृंगिका केवळ नरांना असतात, आणि कोणत्याही मधमाशीच्या नराला नांगी नसते, त्यामुळे ज्यांना घातक ठरवले आहे ते डंख मारूच शकत नाहीत. माद्या जमिनीत बिळे करून राहतात, तर नर रात्री असे झाडांवरच विसावतात.

मात्र निव्वळ शृंगिका पाहून प्रजातीचे नाव सांगू नये, कारण मेलिसोडेस या वंशातील अनेक प्रजाती एकमेकींसारख्या दिसतात आणि बहुतेकींचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. येथे काळ्याभोर पोटाच्या टोकाजवळचे दोन पांढरे ठिपके निर्णायक आहेत. मादीच्या मागच्या पायांवरील पराग गोळा करणारे केसही फिकट असतात. कृपया या निरुपद्रवी परागवाहकांना मारू नये.