आधी उद्गारचिन्ह काढा

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या गिटारवाल्याचं लग्न ठरलंय, बेसवाला नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत पर्मनंट झालाय आणि ड्रमरच्या कमरेत गेल्या दोन प्रॅक्टिसना उसण भरलीय. पॉप-पंक (भरधाव, गोंगाटी, पण गुणगुणता येणारं रॉक) वाजवणाऱ्या बँडने प्रगल्भ अल्बम काढायचा योग याहून वेगळा नसतो. मुहूर्त चुकवू नका.

गाणी नंतर होतील, आधी 'प्रगल्भ' हा शब्द तोंडात बसवा. अल्बम यायच्या चार महिने आधीपासून जिथे माइक दिसेल तिथे तो टाकत चला. "आम्ही दमलो" असं म्हणायचं नाही, "आम्ही शांततेचा शोध घेतोय" म्हणायचं. "वरचा सूर लागत नाही" हे घरात. बाहेर, "आता ओरडून सांगायची गरज वाटत नाही." आणि "बाबा म्हणालेत, हा शेवटचा" हे तर जिभेवरसुद्धा येऊ देऊ नका. त्याला एका पर्वाची सांगता म्हणतात.

मग नावाकडे बघा. पॅनिक! ॲट द डिस्को या अमेरिकी बँडने २००८ च्या अल्बमच्या वेळी आपल्या नावातलं उद्गारचिन्ह काढून टाकलं. गाणी बदलली, कपडे बदलले, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते चिन्ह. २००९ मध्ये त्यांनी ते परत लावलं, तो भाग सोडा. यापेक्षा स्वस्तात प्रौढत्व कुठे मिळत नाही. आमच्या बँडच्या नावात तीन उद्गारचिन्हं होती. (हो, आमचाही बँड होता. नाव इथे छापण्यासारखं नाही. आजीला आम्ही भजनी मंडळ म्हणून सांगितलं होतं आणि ती दर गुरुवारी "झालं का रे भजन?" असं विचारायची.) तीनपैकी दोन काढली. तिसरं काढायला हात धजेना, तिथेच आमचं चुकलं असावं.

यानंतर लय पाडा. हे अवघड वाटेल, कारण या संगीताचा सगळा संसारच घाईवर उभा आहे. न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडने १९७६ मध्ये पहिला अल्बम काढला, त्यात १४ गाणी होती आणि सगळी मिळून साधारण २९ मिनिटं. सीबीएसवरून नाशिकरोडला निघालात आणि द्वारका चौकात अडकलात तर दोनदा ऐकून होतो. तुम्हाला आता या २९ मिनिटांत फार तर पाच गाणी बसवायची आहेत. आपल्याकडे गवई विलंबितात सुरुवात करतो, राग उलगडतो आणि शेवटी द्रुतात सुटतो. पॉप-पंकवाल्यांची बैठक उलटी मांडलेली असते. विशीत द्रुत आणि तिशीत विलंबित. पन्नाशीत पुन्हा द्रुत येतं, पण तेव्हा त्याला रियुनियन टूर म्हणतात आणि तिकीट महाग असतं.

आता चेलो, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ. चेलोशिवाय प्रगल्भता येत नाही, हे लिहून ठेवा. ब्लिंक-१८२ या कॅलिफोर्नियाच्या मंडळींनी १९९९ मध्ये एका व्हिडिओत अंगावर काही न घालता रस्त्यावरून धावून नाव कमावलं. २००३ च्या अल्बममध्ये त्याच मंडळींनी एका गाण्यात चेलो, पियानो आणि उभा बास आणला, ड्रमरच्या हातात काठ्यांऐवजी ब्रश दिले, आणि दुसऱ्या एका गाण्यात तर द क्युअर या ब्रिटिश बँडच्या रॉबर्ट स्मिथला गायला बोलावलं. नाशिकमध्ये आम्हाला चेलोवाला काही मिळाला नाही. ब्रश मिळाले, पण ते रंगाचे. शेवटी कुणीतरी पंचवटीत क्लास घेणाऱ्या व्हायोलिनच्या सरांचं नाव सुचवलं. सर आले. प्रॅक्टिसच्या गाळ्यात सतरंजी अंथरून बसले, व्हायोलिन पायाला टेकवलं आणि म्हणाले, "पट्टी कोणती?"

"पट्टी म्हणजे, सर?"

"अरे, काळी एक, पांढरी चार, काहीतरी असेल ना तुमची!"

गिटारवाल्याने घाबरत "ई" असं सांगितलं.

"म्हणजे पांढरी तीन. वाजवा."

आम्ही वाजवलं. सरांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, लागली समाधी. डोळे उघडून त्यांनी गिटारवाल्याला विचारलं, "तू मघापासून नुसता सा आणि प वाजवतोयस. गंधार कुठे गेला?"

हा प्रश्न आम्हाला सात वर्षांत कुणी विचारला नव्हता. पॉवर कॉर्ड म्हणजे खरोखर एवढंच असतं, षड्ज आणि पंचम. मधला गंधार गाळलेला. गाळतात कारण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केलेला असताना, तो घातला की आवाज गढूळ होतो. कॉर्ड हसरी की रडकी हे गंधार ठरवतो, शुद्ध असेल तर एक आणि कोमल असेल तर दुसरं. तो नसला की गिटार काहीच ठरवत नाही. मग सगळं गाणाऱ्यावर येतं. तो गातो मैत्रीण सोडून गेल्याचं, नोकरी नसल्याचं, मित्र बंगळुरूला निघून गेल्याचं, आणि खाली तीन कॉर्ड ढोलासारख्या बडवल्या जातात, म्हणून लोक उड्या मारतात. ऐकणाऱ्याला आपण नेमकं काय करतोय हे कळत नाही आणि त्याला ते कळून घ्यायचंही नसतं. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारून उडी घेणाऱ्याला विचारून बघा, आनंद झालाय की राग आलाय. तो नाकातलं रंगाचं पाणी शिंकरून पुन्हा रांगेत उभा राहील.

सर म्हणाले, "तंबोऱ्यातही सा आणि पच असतात रे. पण जुळला ना नीट, की गंधार आपोआप ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. लावायला लागत नाही."

या वाक्याकडे तुम्ही लक्ष देऊ नका. तुम्हाला अल्बम काढायचाय. तुम्ही सरळ कोमल गंधार घाला. पियानोवर, एका बोटाने, भरपूर रिव्हर्ब (घुमारा) लावून, गाण्याच्या पहिल्या दहा सेकंदांतच. ऐकणाऱ्याला दुःख कळायला उशीर व्हायला नको.

कोरस मात्र हवाच. पॅरामोर या अमेरिकी बँडने २०१३ च्या अल्बममध्ये एका गाण्यावर चर्चमधल्यासारखा गॉस्पेल गायकवृंद घेतला आणि त्याच गाण्याला २०१५ मध्ये ग्रॅमी मिळालं. आम्ही आजीच्या भजनी मंडळाकडे गेलो. अध्यक्षीणबाईंनी चाल ऐकली, शब्द वाचले, चष्मा काढून पुन्हा एकदा वाचले आणि आम्हाला चहा दिला. आजीने त्यानंतर गुरुवारी भजनाचं विचारणं बंद केलं.

शब्दांवरून आठवलं. पूर्वी तुम्ही कॉलेज रोड, केटी (राहिलेले विषय) आणि मेसच्या डब्यावर गाणी लिहीत होतात. आता गोदावरीवर लिहायचं. नाशिकच्या बँडला हे रूपक फुकट मिळालेलं आहे, वापरा. नदी वाहते, आपण थांबतो, घाट बघत असतो, असं काहीही चालतं. पाणवेलींचा उल्लेख टाळा. आणि दुःखाची पातळी सांभाळा. आपल्याकडे पूर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात हे तुम्हाला माहीत आहेच. गाण्यातलं दुःख निदान मारुतीच्या गळ्यापर्यंत यायला हवं. कमरेपर्यंतच्या दुःखाची अल्बममध्ये दखल घेत नाहीत. व्हिडिओ गंगापूर धरणाच्या काठावर, पहाटे, धुक्यात. चौघांनी चार दिशांना बघायचं. कुणीही हसायचं नाही. आमचा ड्रमर हसला आणि अख्खी पहाट वाया गेली.

मुलाखतीत तुम्हाला एक मोह होणार. नाशिकचे आहात, त्यामुळे "आम्ही वाइनसारखे मुरत गेलो" हे वाक्य ओठांवर येईलच. जरूर म्हणा, वाक्य चांगलं आहे. फक्त ते बेसवाल्याच्या काकांसमोर म्हणू नका. त्यांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. आमच्या बेसवाल्याने हे वाक्य जेवताना टाकलं तेव्हा काका भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आंबा आढीत पिकतो. द्राक्ष नाही पिकत. एकदा तोडलं की जेवढी गोडी तेवढीच. जे भरायचं ते वेलीवर असताना भरतं. नंतर आंबवा, नाहीतर वाळवून बेदाणा करा, तुमची हौस." बेसवाल्याने विषय बदलला. तुम्हीही बदला.

काही जाणकार तुम्हाला ग्रीन डे या अमेरिकी बँडचं उदाहरण देतील. हे उदाहरण अतिशय गैरसोयीचं आहे, त्यापासून जपा. या तिघांनी १९९४ मध्ये जो अल्बम गाजवला त्याच्या नावाचा अर्थ चक्क 'शी' असा आहे. १९९७ मध्ये त्यांनी एक अकूस्टिक गाणं केलं, गिटार आणि व्हायोलिनवृंद. आजवर असंख्य निरोप समारंभांत ते वाजलंय. इथपर्यंत ठीक, आपल्या नियमात बसतं. पुढे गडबड आहे. त्यांनी नवा अल्बम बनवत आणला आणि त्याच्या टेप चोरीला गेल्या. तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करता आली असती. त्यांनी ती सोडली, नव्याने सुरुवात केली आणि २००४ मध्ये 'अमेरिकन इडियट' आणला. इराकचं युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, टीव्हीवर तेच आणि अंगात संताप. त्यातलं एक गाणं नऊ मिनिटांचं आहे, पाच तुकड्यांचं. पण लय काही पाडलेली नाही, गिटारही तीच, सा आणि प. बोलायला जास्त होतं म्हणून गाणं लांबलं, एवढाच हिशेब. तुमच्याकडे बोलायला जास्त आहे का, हे आत्ता तपासत बसू नका. त्यात वेळ जातो आणि स्टुडिओचं भाडं तासावर असतं.

मार्च २०२५ मध्ये हेच ग्रीन डे मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आले होते. आम्ही चौघं सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने गेलो, 'अभ्यासासाठी'. त्यांचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग तेव्हा ५३ वर्षांचा होता. त्याची कंबर दुखत असल्याची कुठलीही लक्षणं दिसली नाहीत. आमच्या ड्रमरला हे फार लागलं.

ब्लिंक-१८२ चं २०२३ चं प्रकरण मात्र मला थट्टेत बसवता येत नाही. मधल्या काळात त्यांच्या ड्रमरचा विमान अपघात झाला होता, बेसवाल्याला कर्करोग झाला होता, एकमेकांशी बोलणं तुटलं होतं. परत एकत्र आले तेव्हा त्यांनी या सगळ्यावर एक साधं, संथ गाणं केलं, आणि त्याच अल्बममध्ये शाळकरी पांचट विनोदही शिल्लक ठेवले. पन्नाशीच्या आसपासची माणसं. संथ गाणं आणि पांचटपणा शेजारी शेजारी, कुणी कुणाची लाज न बाळगता. पण असा अल्बम करायला जे व्हावं लागतं ते कुणाला होऊ नये, तेव्हा पुढे चला.

शेवटची तयारी कार्यक्रमाची. आमचा गंगापूर रोडच्या एका कॅफेत झाला. तुम्ही नवी गाणी सलग वाजवा, मध्ये श्वास घेऊ नका, नाहीतर कुणीतरी जुन्या गाण्याची फर्माईश करतं. लोक बसून ऐकतील. बसलेले लोक म्हणजे प्रगल्भ श्रोते, त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे दुर्लक्ष करा. आमच्या चौथ्या गाण्यात, गोदावरी नुकतीच थांबली होती आणि सरांनी कोमल गंधारावर सुंदर मींड घेतली होती, तेव्हा मिक्सर फिरला. आवाजाचा नव्हे, काउंटरवरचा, चिकू शेकसाठी. त्या शांततेत पुढच्या टेबलावरचा सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा ओरडला, "दादा, ते केटीवालं घ्या ना!"

तुम्ही असं झालं तर मंद हसा, "तो आमचा जुना काळ होता" म्हणा आणि पाचवं गाणं सुरू करा. आम्ही एकमेकांकडे बघितलं. ड्रमरने ब्रश खाली ठेवले आणि काठ्या उचलल्या.

खुर्च्या सरकल्या. त्या पोराने टेबलांच्या मधल्या जागेत असा धप्पा मारला की चिकू शेक भिंतीवर गेला. त्या शेकचे आणि दोन ग्लासांचे पैसे नंतर आमच्या मानधनातून वळते झाले, म्हणजे मानधन संपलं. गाणाऱ्याला वरचा सूर लागला नाही, त्याने तो तसाच फाटका लावला. गाणं संपलं तेव्हा ड्रमर स्टूलवरून खाली उतरून जमिनीवर आडवा झाला होता आणि कुणीतरी बाम शोधत होतं.

सर सतरंजीवर तसेच बसले होते, व्हायोलिन मांडीवर, एका कानात बोट घातलेलं. दुसरा कान मोकळा होता.

"हे केवढं होतं रे?"

"एक मिनिट पन्नास सेकंद, सर."

"पुन्हा म्हणा."