बर्गर, रक्त आणि सरकी पेंड

भारत-अमेरिका व्यापारबोलण्यांत दूध-लोण्याचा मुद्दा अडला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘मांसाहारी दूध’ अवतरलं. गाईंना मांस-रक्ताचा खुराक दिलेला नाही, असा दाखला भारत मागतो. सांगलीचा मामेभाऊ म्हणाला, ‘‘दादा, तुमच्या न्यू जर्सीचं दूध नैवेद्याला चालायचं नाही.’’ पुण्यातला भाचा म्हणाला, ‘‘सोवळं नेसून कुठे धंदा होतो का?’’

मला आठवलं ते इथलं 2006 मधलं रक्तदान शिबिर. फॉर्मवर प्रश्न होता, 1980 ते 1996 मध्ये ब्रिटनमध्ये तीन महिने राहिला होतात का? मी लीड्सला दोन वर्षं शिकलेला. नर्सबाईंना म्हटलं, अहो, मी अंडंसुद्धा खात नाही! पण फॉर्म काय खाल्लं ते विचारतच नव्हता. बिस्किटाचा पुडा हातात देऊन त्यांनी मला घरी पाठवलं. ती अट उठली 2022 मध्ये.

त्या अटीमागे होता गाईंच्या मेंदूचा ‘मॅड काऊ’ रोग. ब्रिटनमध्ये कत्तलखान्यातली उरलीसुरली हाडं-मांस शिजवून, दळून गाईंच्याच खुराकात घालत. प्रथिनं स्वस्तात मिळायची. त्यातून एका आजारी जनावराचा प्रायॉन शेकडो गव्हाणींत पोचला. प्रायॉन हा विषाणू नाही की जिवाणू नाही. मेंदूतल्याच एका प्रथिनाची घडी चुकते आणि ते शेजारच्यांचीही घडी बिघडवत सुटतं. शिजवूनही मरत नाही, कारण मुळात ते जिवंतच नसतं. रोग 1986 मध्ये ओळखला, खुराक 1988 मध्ये बंद केला. तरी रोग अंगात वर्षानुवर्षं दबा धरून बसत असल्याने 1,80,000 वर गाई सापडल्या. मधेच 1990 मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर चार वर्षांच्या लेकीपुढे बर्गर धरला. गोमांस निर्धोक आहे, हे दाखवायला! मार्च 1996 मध्ये सरकारने संसदेत माणसांतल्या तशाच मेंदूच्या आजाराशी संबंध कबूल केला. ब्रिटनमध्ये 178 माणसं गेली. त्यांतल्या काहींना तो दान केलेल्या रक्तातून लागला होता.

म्हणून भाच्याला लिहिलं, गाय काय खाते हे विचारण्यात सोवळं शोधू नकोस. मामेभावालाही सांगितलं, दुधातून हा रोग माणसाला झाल्याचं दिसलेलं नाही. गाईगुरांचं मांस-हाडं गाईंना घालायला अमेरिकेत 1997 पासून बंदी आहे. डुकराचं मांस, रक्ताची भुकटी मात्र चालते. भारताने बोट ठेवायचं तर तिथे ठेवावं. नैवेद्याचं कारण बोलण्यांच्या टेबलावर टिकणार नाही, हे मला इथे राहून कळलंय.

आपल्याकडेही दुभत्या जनावरांना असा खुराक द्यायला बंदी आहे. मामेभावाला म्हटलं, तुझ्या गोठ्यातल्या पोत्यावर काय लिहिलंय ते बघ. त्याने रात्री फोटो पाठवला. सरकी पेंड, मक्याचा भरडा, खनिज मिश्रण; खाली ‘प्रथिने 20 टक्के’. कशाची, ते लिहिलेलं नव्हतं.