नाव तुम्हीच घाला

आज भाचीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. घरी येऊन हातपाय धुतले, चहा केला, चहा निवला, पण डोकं काही निवेना. म्हणून लिहितेय. लांबलचक पोस्टचा कंटाळा असलेल्यांनी सरळ पुढे जावं, मला राग येणार नाही. आजच्यापुरता तो येऊन झालाय.

सुरुवात प्रार्थनेने झाली. 'ऐ मालिक तेरे बंदे हम'. चौथी-पाचवीची पोरं, केसांना चप्प तेल, आणि काय सुरात म्हणाली म्हणून सांगू! निवेदन करणारी मुलगी म्हणाली, "लतादीदींची अजरामर प्रार्थना." ठीक आहे, दीदींनी गायलीय, खोटं काही नाही. मग प्रमुख पाहुणे उठले, माइकवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "साने गुरुजींची ही प्रार्थना ऐकून मला माझं बालपण आठवलं." टाळ्या!

अहो, साने गुरुजींची ती 'खरा तो एकचि धर्म'. ही लिहिली भरत व्यासांनी आणि चाल लावली वसंत देसाईंनी. सोनवड्याचे वसंत देसाई. तालुका कुडाळ. आम्ही बसलो होतो तिथून एसटीने तासाभराची वाट. आणि आज तारीख काय? २२ डिसेंबर. १९७५ साली याच तारखेला मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले. आज बरोबर पन्नास वर्षं झाली. त्यांच्याच जिल्ह्यात, त्यांच्याच पुण्यतिथीला, त्यांचीच चाल चारशे माणसांनी उभं राहून ऐकली आणि एकाच्याही तोंडून ते नाव निघालं नाही.

नावं निघाली ती कोणाची? मंडप डेकोरेटरचं. साउंडवाल्याचं. जनरेटर दिला त्याचं. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फोटो. आणि ज्या बाईंनी महिना-दीड महिना मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून पोरांकडून ती प्रार्थना बसवून घेतली, त्या कुठे होत्या? स्टेजच्या कडेला, स्पीकरच्या मागे, पेटी घेऊन. मला त्यांची फक्त बोटं दिसत होती.

पेटीवाला माणूस तिथेच बसतो. हे मला आठ वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

आमचे अण्णा पेटी वाजवायचे. दशावतारात बसायचे, कोणी बोलावलं तर नाटकालाही. १९८६ साल असावं. गावातल्या पोरांनी एक एकांकिका बसवली आणि तालुक्याच्या गावी स्पर्धेला नेली. गोष्ट होती होडी परत न आलेल्या एका घराची. अण्णांकडे पार्श्वसंगीत. टेपरेकॉर्डर होता, पण त्याला भरवशाची वीज कोण देणार! मग अण्णांनी समुद्र सुपात केला. बांबूचं सूप, त्यात मूठ-दोन मूठ तांदूळ. सूप हळूच कलतं केलं की लाट येते. पण लाट परत कशी जाते? ती जाताना वाळूवर जो बारीक चरचर आवाज होतो, तो तांदळाने होईना. तीन रात्री ते पडवीत सूप घेऊन बसले होते. आई म्हणाली, "शेजारी म्हणतत, ह्येका काय झालाहा?" चौथ्या रात्री त्यांनी तांदूळ काढून नाचणी घातली आणि मला हाक मारली. मी डोळे मिटले. पुळणीवर उभी होते हो मी! पायाखालची वाळू सरकली.

येण्याच्या लाटेला तांदूळ, जाण्याच्या लाटेला नाचणी. दोन सुपं. एक अण्णांच्या हातात, एक माझ्या.

त्या स्पर्धेचं पुढे सांगते. आधी देसाईंचं.

मला कालपर्यंत वाटायचं, एवढा मोठा माणूस, बक्षिसांनी कपाट भरलं असेल. आज चहा निवेपर्यंत एक एक आठवत गेले. 'श्यामची आई'. १९५३ चा सिनेमा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी, १९५४ ला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्यालाच. गोष्ट आपल्या पालगडची, संगीत आपल्या सोनवड्याच्या माणसाचं. 'छडी लागे छमछम' येत नाही असा मराठी माणूस दाखवा मला. पदक कोणाला? चित्रपटाला. मग १९५७ चा 'दो आँखे बारह हाथ', ज्यातली ही आजची प्रार्थना. पुन्हा सुवर्णपदक, शिवाय बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात रुपेरी अस्वल. पदक कोणाला? चित्रपटाला. संगीतकाराला काय? काही नाही, कारण राष्ट्रीय पुरस्कारांत संगीत दिग्दर्शनाचा वर्गच नव्हता! तो आला १९६७ च्या चित्रपटांपासून, आणि पहिला मिळाला के. व्ही. महादेवन यांना, तमिळ चित्रपटासाठी. म्हणजे देसाईंचे हे दोन सिनेमे सोन्याचे झाले तेव्हा त्यांचं नाव लिहायला सरकारी कागदावर रकानाच नव्हता.

फिल्मफेअरला रकाना होता, पहिल्या वर्षापासून. तिथली गंमत ऐका. 'झनक झनक पायल बाजे', संगीत देसाईंचं, नाचाचा सिनेमा, अथपासून इतिपर्यंत तबला आणि घुंगरू. १९५७ च्या सोहळ्यात उत्कृष्ट चित्रपट तोच, उत्कृष्ट दिग्दर्शक शांतारामबापूच. आणि संगीत? 'चोरी चोरी', शंकर-जयकिशन. नाचाच्या सिनेमात सगळं उत्कृष्ट, फक्त ज्यावर पाय पडतात ते सोडून! (शंकर-जयकिशन थोर होते. ती गाणी मीही भाकऱ्या थापताना म्हणते. तो मुद्दा नाही.) पुढे 'गूँज उठी शहनाई' आला, 'आशीर्वाद' आला, 'गुड्डी' आला. वर्षं गेली, पण ती फिल्मफेअरची काळी बाहुली देसाईंकडे काही आली नाही.

त्याच १९५७ च्या सोहळ्यात लतादीदींनी गायला नकार दिला होता, कारण पार्श्वगायनाला बक्षीसच नव्हतं. गाणं 'चोरी चोरी'चं, बक्षीस संगीतकाराला, मग गाणारीला काय? भांडल्या, आणि १९५९ पासून तो वर्ग सुरू झाला. बरोबरच केलं त्यांनी. भांडल्याशिवाय रकाना उघडत नाही. पण आमची माणसं भांडणारी कुठे? देसाई मुंबईतल्या कामातून वेळ काढून शाळाशाळांतून पोरांकडून समूहगीतं बसवून घेत होते.

आणि आमचे अण्णा एसटीच्या वेळेकडे बघत होते.

तर ती स्पर्धा. पोरांनी एकांकिका झकास केली. मी विंगेत, हातात नाचणीचं सूप, फ्रॉक घामाने चिकटलेला. शेवटी होडी येत नाही, म्हातारी दारात बसून राहते, आणि आमचा समुद्र. तांदूळ, नाचणी, तांदूळ, नाचणी. पेटीचा एकच स्वर अण्णांनी डाव्या पायाने भाता दाबून धरला होता, कारण दोन्ही हात सुपात. पडदा पडल्यावर एक परीक्षक मुद्दाम आत आले. म्हणाले, "मास्तर, समुद्र कुठे रेकॉर्ड केलात? फार स्वच्छ आलाय." अण्णा म्हणाले, "सुपात." त्यांना ते गावाचं नाव वाटलं.

बक्षीस समारंभ. लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना. पार्श्वसंगीत सगळ्यांत शेवटी. तोवर पाहुणे गाडीत बसले होते, अर्धा मांडव रिकामा आणि आमची वस्तीची गाडी पावणेदहाची. चुकली तर रात्र स्टँडवर. प्रकाशयोजनेचं नाव पुकारल्यावर अण्णा उठले. आम्ही धावत स्टँडवर. गाडी सुरू झाली, तर आयोजकांपैकी एक जण खिडकीपाशी धापा टाकत आला. "मास्तर, पहिलं बक्षीस तुमचं! ढाल एक कमी पडली हो. प्रमाणपत्र घ्या." आणि खिडकीतून कागद आत सरकवला. 'उत्कृष्ट पार्श्वसंगीत, प्रथम क्रमांक, श्री.' आणि पुढे टिंबं टिंबं टिंबं. कोरं. बाहेरून ओरडला, "नाव तुम्हीच घाला!"

त्याला वाईट वाटलं होतं, हे मला आता कळतं. बिचारा धावत तरी आला. तेव्हा मात्र मला त्याला दगड मारावासा वाटला होता.

घरी आल्यावर मी दौत-टाक काढला. मोत्यासारखं अक्षर होतं माझं. अण्णांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि पेटीच्या खोक्यात टाकला. म्हणाले, "नाव घालून काय करूचा? लोकांका समुद्र ऐकाक इलो मां? मगे झाला."

झाला म्हणे!

आता कोणीतरी कमेंटमध्ये येणार, ताई, जमाना बदललाय. हो बाबा, बदललाय. अशोक पत्कींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'अंतर्नाद'साठी, तोही कोकणी चित्रपट. अजय-अतुलना 'जोगवा'साठी मिळाला, शैलेंद्र बर्वेंना 'संहिता'साठी. २००९ च्या चित्रपटांपासून पार्श्वसंगीतालाही वेगळा पुरस्कार आहे. ते वाचलं तेव्हा मला सूप आठवलं होतं. मान्य आहे सगळं.

पण ज्याला तुम्ही मिळाला म्हणता, त्याला ओळखता तरी का? माझ्याच घरातली परीक्षा सांगते. रात्री जेवताना भावाला विचारलं, 'आभाळमाया'चं शीर्षकगीत आठवतं? अख्खं म्हणून दाखवलं, डोळ्यांत पाणीबिणी. १९९९ ची मालिका, आई तेव्हा होती आमची. संगीत कोणाचं? गप्प. 'मिले सुर मेरा तुम्हारा'? १९८८ चा १५ ऑगस्ट, शेजाऱ्यांचा टीव्ही, ओटीवर आम्ही वीस जणं. सगळं आठवतं. भीमसेनजी आठवतात, धबधबा आठवतो. चाल कोणाची? "भीमसेनांचीच ना?" अरे, पत्कींची! एका माणसाची दोन्ही गाणी तुझ्या रक्तात आहेत आणि त्याचं नाव तुझ्या जिभेवर नाही. आता तर मालिका मोबाइलवर बघतात आणि शीर्षकगीत आलं की पुढे ढकलतात. वहिनी म्हणाली, "तेच तेच रोज कोण ऐकणार?" रोज तेच ऐकूनही कंटाळा येऊ नये, एवढ्यासाठीच तर त्याने जीव काढलेला असतो, बाई.

बरं, मी फार चिडून लिहितेय का? वर जाऊन वाचलं. पाहुण्यांवर जरा जास्तच घसरले. त्यांनी शाळेला संगणक दिलेत, माणूस वाईट नाही. साने गुरुजींचं नाव घेतलं, एखाद्या नटाचं तर नाही घेतलं. आणि खरं सांगू? ती प्रार्थना मुळात कैद्यांच्या तोंडी आहे. आता ती देशभर शाळांत म्हणतात. 'हम को मन की शक्ति देना' तीही देसाईंचीच, तीही शाळांत. माणसाच्या दोन-दोन चाली पोरं रोज सकाळी हात जोडून म्हणतात, याच्यापुढे ती बाहुली काय आणि पदक काय, असं अण्णा म्हणाले असते. मला ऐकू येतंय ते.

पण मी अण्णा नाही. मला नाव हवंय.

आणि आता माझंच सांगते, कारण तेच खरं खुपतंय. पाहुणे चुकीचं बोलले तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होते. माइक चार पावलांवर. उठले का? नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती छान बोलले ना?" मी मान डोलावली. हो, डोलावली! चाळीस वर्षं त्या कोऱ्या कागदाचं गाऱ्हाणं सांगत फिरणारी मी. कार्यक्रम संपल्यावर पेटीवाल्या बाईंकडे गेले, म्हटलं छान बसवलंत. त्या पेटीला बुरखा घालत होत्या. म्हणाल्या, "चौथी काळी अडकत होती हो, खाऱ्या हवेने. कळलं का तुम्हाला?" मी म्हटलं नाही कळलं. नाव विचारायचं राहिलं. फाटकाच्या बाहेर आल्यावर लक्षात आलं.

मघाशी खोकं उघडलं. कागद आहे. इतक्या वर्षांच्या दमटपणाने टिपकागदासारखा झालाय. कोपऱ्यावर पेन टेकवून बघितलं तर शाई फुटून रुपयाएवढा डाग पडला. तेव्हा नाव घालायचं आता राहिलंच.

उद्या शाळेत जाणार आहे. परिपाठाचा जो फळा आहे, त्यावर गीत भरत व्यास, संगीत वसंत देसाई, सोनवडे, एवढं लिहू द्या म्हणून मुख्याध्यापकांना सांगणार. आणि त्या बाईंचं नाव विचारून येणार.

एडिट : इनबॉक्समध्ये तिघांनी विचारलं की नाचणी किती घ्यायची. दोन मुठी पुरे. सूप बांबूचंच हवं, शेणाने सारवलेलं असेल तर उत्तम. प्लास्टिकच्या सुपात नुसता पाऊस पडतो.